ॲनोडाइज केलेल्या भागांना दर पावसाळ्यात लोणा लागतो : कारण आणि उपाय

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागते, त्याच सुमारास आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील जॉबवर्क युनिटमध्ये सलग तीन वर्षे एकच तक्रार येत राहिली. मे महिन्यात ॲनोडाइज करून दिलेले, म्हणजे आम्लाच्या टाकीत वीज देऊन ऑक्साइडचा संरक्षक थर बसवलेले, ॲल्युमिनियमचे भाग चांगले चकचकीत, एकसारख्या रंगाचे आणि मोजमापात बसणारे असे गेले होते. जुलैअखेर त्यांच्यावर पांढरे ठिपके उठले आणि ऑगस्टमध्ये तेच ठिपके पसरून भिंतीला लोणा लागावा तशी भुकटी सुटू लागली. दिवाळीनंतर नव्याने केलेल्या मालाबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे, त्यामुळे प्रत्येक वेळी आम्ही पावसाला दोष देऊन मोकळे झालो. हा दोष कोठे होता आणि तो हाती लागायला इतका वेळ का गेला, हे ज्यांच्याकडे असाच माल परत येतो त्यांच्यासाठी येथे सविस्तर मांडत आहे.

माल दोन प्रकारचा होता. एक, ६०६३ मिश्रधातूच्या एक्स्ट्रूजनमधून कापलेल्या मोटर कंट्रोलरच्या पेट्या. दुसरा, ६०६१ च्या सळईतून सीएनसीवर काढलेल्या पंपाच्या व्हॉल्व्ह बॉडी. दोन्ही मिश्रधातू मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे असून गंधकाम्लाच्या टाकीत त्यांच्यावर थर उत्तम बसतो, म्हणून मिश्रधातूला दोष देण्याची सोय नव्हती. काही पेट्या आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेल्या होत्या आणि तिथल्या खाऱ्या हवेचे कारण पटण्यासारखे होते. पण गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात रॅकवर नुसत्या ठेवलेल्या, एकदाही न बसवलेल्या व्हॉल्व्ह बॉडींवरही तेच ठिपके निघाले, तेव्हा समुद्राचा मुद्दा निकालात निघाला.

डाग नीट पाहणे

कोणताही उपाय करण्यापूर्वी परत आलेला भाग उजेडात धरून दहापट भिंगाखाली पाहावा, कारण पांढरा डाग हा एकच रोग नाही. आमच्या भागांवर अंगठा फिरवला की भुकटी बोटाला लागत असे आणि तिच्याखालचा पृष्ठभाग निस्तेज, थोडा खरबरीत दिसत असे. भिंगातून त्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसत आणि प्रत्येक खड्ड्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचे कडे असे. डाग सपाट बाजूंवर विखुरलेले होते. भोकांभोवती, कडांवर किंवा भाग टाकीत ज्यावर टांगतात त्या हँगरच्या टेकूजवळ ते विशेष दाट नव्हते आणि निदानाच्या दृष्टीने हीच गोष्ट पुढे सर्वांत उपयोगी ठरली.

डाग दुसऱ्या ठिकाणी असता तर निदानही दुसरे झाले असते. फक्त आट्यांच्या भोकांतून किंवा कास्टिंगच्या पोकळ जागांतून पांढरे ओघळ निघत असतील, तर आत अडकलेले आम्ल नंतर झिरपत आहे असे समजावे. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टखालीच वर्तुळाकार गंज दिसत असेल, तर तो दोन धातूंमधील विद्युत्-रासायनिक संबंध आहे. तेथे नायलॉनचा वॉशर किंवा सीलंट लागेल, ॲनोडायझिंग कितीही चांगले असले तरी. हँगरच्या टेकूच्या जागी थर बसलेलाच नसतो, म्हणून ती जागा कोठे घ्यायची हे ग्राहकाशी आधीच ठरवावे. इमारतीच्या खिडक्यांवर खालच्या बाजूला ओघळांच्या आकाराचे डाग आले, तर सिमेंटच्या पाण्याचा संशय घ्यावा, कारण ॲल्युमिनियमचा ऑक्साइड साधारणपणे ४ ते ८.५ पीएचमध्येच टिकतो आणि ओल्या सिमेंटचा पीएच त्याच्या कितीतरी वर असतो. डाग पुठ्ठ्याच्या नागमोडी पट्ट्यांसारखे उमटले असतील, तर माल ओल्या पॅकिंगमध्ये राहिला होता. आणि आपल्या भागात आवर्जून सांगायला हवे असे एक : ठिपके पांढरे नसून तांबूस असतील, तर शेजारच्या फाउंड्रीतील फेटलिंगची, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करतानाची, लोखंडी धूळ ओल्या भागांवर बसून गंजलेली असते. त्यात ॲल्युमिनियमचा काही दोष नाही, दार बंद ठेवावे एवढाच उपाय.

आमचे फसलेले उपाय

पहिल्या वर्षी आम्ही थर जाड केला, आणि सगळेजण हेच करतात. आमची टाकी १८० ग्रॅम प्रति लिटर गंधकाम्लाची, तापमान २० अंश सेल्सिअस, प्रवाहाची घनता १.५ अँपिअर प्रति चौरस डेसिमीटर. या परिस्थितीत थराची मायक्रॉनमधील जाडी ढोबळ मानाने प्रवाहाची घनता गुणिले मिनिटे गुणिले ०.३ इतकी येते. म्हणजे २७ मिनिटांत सुमारे १२ मायक्रॉन आणि ४५ मिनिटांत सुमारे २०. आम्ही १२ चे २० केले, जाडीमापकावर २० दाखवून दिले, विजेचे बिल वाढवून घेतले. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये डाग आधीपेक्षा जास्त आले. जास्त जाड थर जास्त खराब कसा झाला, हा प्रश्न तेव्हाच विचारला असता तर दोन वर्षे वाचली असती.

दुसऱ्या वर्षी पॅकिंग बदलले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले होते आणि वाहतूक थांबली होती, त्यामुळे माल कोठेतरी ओल्यात राहिला असेल ही कल्पना सर्वांच्या मनात पक्की बसली होती. बबल रोल, प्लास्टिकची पिशवी, सिलिका जेलची पुडी, सगळे करून झाले. फरक शून्य.

तिसऱ्या वर्षी आम्लाच्या टाकीतील क्लोराइड तपासले. ही तपासणी करण्यासारखीच आहे, कारण नळाच्या पाण्याने टाकी भरली की क्लोराइड साठत जाते आणि ते थर बनत असतानाच खड्डे पाडू शकते. अमेरिकन लष्करी विनिर्देशात मिठाच्या हिशेबाने ०.२ ग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा दिलेली आहे. आमचा आकडा तिच्या बराच खाली निघाला. विरघळलेले ॲल्युमिनियमही १५ ग्रॅम प्रति लिटरच्या आत होते. चिलर ठीक होता. एप्रिलच्या दुपारीही टाकी २२ अंशांच्या वर गेलेली नव्हती, आणि थर नरम पडून खडूसारखा झाला असता तर तो फडक्याने पुसताना कारखान्यातच कळले असते.

थर म्हणजे नेमके काय

पुढचे कळण्यासाठी थराची रचना डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे. उघड्या हवेत ॲल्युमिनियमवर आपोआप बनणारा ऑक्साइड २ ते ५ नॅनोमीटरच जाडीचा असतो. गंधकाम्लात भाग धन टोकाला जोडून वीज दिली की धातूच्या पृष्ठभागाचेच ऑक्साइडमध्ये रूपांतर होत जाते. थर बाहेरून चढवलेला नसतो, तो धातूतून उगवलेला असतो, म्हणून तो रंगासारखा सोलून निघत नाही. मात्र हा थर भरीव नसतो. केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी १९५३ साली दाखवून दिल्याप्रमाणे तो मधमाशांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी कोशांचा असतो, प्रत्येक कोशाच्या मध्यातून एक उभे रंध्र वरपर्यंत गेलेले असते आणि रंध्राच्या तळाशी, धातूला लागून, एक अतिशय पातळ पण भरीव अडसर असतो. या अडसराची जाडी दर व्होल्टमागे सुमारे एक नॅनोमीटर येते, म्हणजे १५ व्होल्टला साधारण १५ नॅनोमीटर. २० मायक्रॉन जाड थर म्हणून आपण जो मिरवतो, त्यात क्षारयुक्त पाण्याला खरी आडकाठी करणारा भाग एवढाच. बाकीची सगळी उंची ही उघड्या नळ्यांची असते.

या नळ्यांची तोंडे बंद करणे म्हणजे सीलिंग. जवळजवळ उकळत्या शुद्ध पाण्यात ऑक्साइड पाणी घेतो, त्याचे बोहमाइट या पाणीयुक्त ऑक्साइडमध्ये रूपांतर होते, त्याचे आकारमान वाढते आणि रंध्रे आतून फुगून बुजतात. पाण्यात भिजलेल्या लाकडी दाराने चौकटीत घट्ट बसावे, तसाच काहीसा हा प्रकार आहे. यासाठी पाणी ९६ अंशांच्या वर हवे; समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील कोल्हापुरात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून आमची टाकी प्रत्यक्षात मंद उकळीवरच ठेवावी लागते. पीएच ५.५ ते ६.५ आणि वेळ प्रत्येक मायक्रॉनला २ ते ३ मिनिटे.

येथेच पहिल्या वर्षीच्या उलट्या निकालाचा उलगडा होतो. १२ मायक्रॉनसाठी आम्ही ३० मिनिटे सीलिंग करत होतो, ते बरोबर होते. थर २० मायक्रॉनचा केल्यावर निदान ४० मिनिटे, आणि निर्धोकपणे ६० मिनिटे, द्यायला हवी होती. पण टायमर ३० वरच राहिला. आम्ही नळ्या लांब केल्या आणि झाकणे मात्र तेवढीच ठेवली. तरीही हे सगळे कारण नव्हते, कारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीतील २० मायक्रॉनचा माल याच ३० मिनिटांत निदान तक्रारीपुरता तरी टिकून राहत होता.

चलनावरची तारीख

अखेर गुंता सुटला तो चलनबुकामुळे. परत आलेल्या प्रत्येक खोक्यावरचा चलन क्रमांक घेऊन आम्ही त्या मालाची ॲनोडायझिंगची तारीख शोधली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने खूण केली. एकही खूण जुलै-ऑगस्टमध्ये नव्हती. सगळ्या खुणा मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दाटीने बसल्या होत्या. जुलैत, भर पावसात, दमट हवेत ॲनोडाइज केलेला माल सुखरूप होता आणि कडक उन्हाळ्यात, कोरड्या हवेत केलेला माल खराब झाला होता. दोष दिसत होता पावसाळ्यात, पण घडत होता उन्हाळ्यात; नीट न बुजलेली रंध्रे कोरड्या हवेत निमूट राहतात आणि पहिल्या सलग ओलीत क्षार आत ओढून घेतात, एवढाच मधल्या दोन महिन्यांचा अर्थ.

मग उन्हाळ्यात आमच्याकडे बदलते काय? कामगार तेच, आम्ल तेच, टाकीला वीज देणारा रेक्टिफायर तोच. बदलते ते पाणी. एरवी आम्ही पाइपलाइनचे नदीचे पाणी क्षार वेगळे करणाऱ्या डीएम प्लांटमधून काढून सीलिंगच्या टाकीला वापरतो. मार्चनंतर पाणी कमी पडू लागले की आवारातील बोअर सुरू होते. हे आम्हाला माहीत होते, पण त्यावर संशय घेतला नव्हता, कारण डीएम पाण्याच्या नळावरचा चालकतेचा मीटर उन्हाळ्यातही पावसाळ्याइतकाच कमी आकडा दाखवत असे. मीटर खरेच सांगत होता. आम्ही त्याला प्रश्न मात्र चुकीचा विचारत होतो.

बोअर, बेसाल्ट आणि रेझिन

आपला सगळा परिसर दख्खनच्या बेसाल्टचा आहे आणि बेसाल्ट हा सिलिकेट खनिजांचा खडक आहे. तो झिजताना सिलिका भूजलात उतरते; खोल बोअरच्या पाण्यात लिटरमागे ३०-४० मिलिग्रॅम सिलिका असणे हे येथे नवल नाही. ही विरघळलेली सिलिका पाण्यात जवळपास आयनरूपात नसतेच, त्यामुळे ती वीज वाहून नेत नाही आणि चालकतेच्या मीटरला दिसत नाही. पाण्याची गोडी-खारटपणाही बदलत नाही. सीलिंगच्या दृष्टीने मात्र ती विष आहे : रंध्रांच्या तोंडाशी ती ऑक्साइडला चिकटून बसते आणि बोहमाइट बनण्याची क्रियाच रोखून धरते. सीलिंगच्या टाकीत सिलिका लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत आणि फॉस्फेट ५ च्या आत ठेवावे, असा या धंद्यातला संकेत आहे. ज्यांच्याकडे फॉस्फरिक आम्लाचे केमिकल पॉलिशिंग चालते त्यांनी फॉस्फेटकडे विशेष लक्ष द्यावे, कारण अपुऱ्या धुण्यातून तेच पुढे सरकत येते.

आता डीएम प्लांट असताना सिलिका आत आलीच कशी, हा रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर रेझिनमध्ये, म्हणजे प्लांटमधील क्षार पकडून ठेवणाऱ्या दाण्यांमध्ये आहे. सिलिका पकडण्याचे काम फक्त तीव्र क्षारधर्मी ॲनायन रेझिन करते. सौम्य क्षारधर्मी रेझिन भरलेला स्वस्त प्लांट क्लोराइड आणि सल्फेट काढतो, चालकता छान खाली आणतो आणि सिलिका जशीच्या तशी सोडून देतो. आमचा प्लांट तीव्र रेझिनचा होता, पण अशा रेझिनवर सिलिकेची पकड सर्वांत सैल असते, म्हणून रेझिन थकू लागले की सर्वांत आधी सिलिकाच निसटते आणि चालकता वाढायला त्यानंतर बराच वेळ जातो. बोअरच्या पाण्यात क्षार आणि सिलिका दोन्ही जास्त असल्यामुळे रेझिन उन्हाळ्यात लवकर थकत होते, आणि आम्ही मात्र मीटरचा आकडा चढेपर्यंत रिजनरेशन, म्हणजे रेझिन धुवून पुन्हा ताजे करणे, करत नव्हतो. शिवाय रिजनरेशनसाठी कॉस्टिक सोड्याचे द्रावण थंडच वापरत होतो. रेझिनमध्ये मुरलेली सिलिका सुटण्यासाठी ते कोमट, म्हणजे ४५ ते ५० अंशांचे असावे लागते. अर्थात आपल्या रेझिनला किती तापमान सोसते हे पुरवठादाराच्या पत्रकावर पाहूनच ते करावे.

याच्या जोडीला बाष्पीभवनाचा हिशेब आहे आणि तो कागदावर मांडल्यावर मी स्वतः चकित झालो. आमची सीलिंगची टाकी १००० लिटरची; दिवसभर मंद उकळीवर असल्याने रोज सुमारे १०० लिटर पाणी वाफ होऊन जाते आणि तेवढेच नवे घालावे लागते. वाफेबरोबर सिलिका जात नाही, ती टाकीतच राहते. वरून घातलेल्या पाण्यात लिटरमागे केवळ २ मिलिग्रॅम सिलिका असली, तरी टाकीतील प्रमाण रोज ०.२ ने वाढते आणि पन्नासाव्या दिवशी १० ची मर्यादा गाठते. भागांबरोबर थोडे पाणी बाहेर जाते, त्यामुळे प्रत्यक्षात काही दिवस अधिक मिळतात इतकेच. रेझिन पूर्ण थकून बोअरमधील ४० मिलिग्रॅम तशीच पुढे आली, तर रोज ४ ची भर पडते आणि तिसऱ्या दिवशी टाकी बाद. आम्ही ती टाकी दोन-दोन महिने बदलत नव्हतो, कारण पाणी तर स्वच्छ दिसत होते.

काय बदलले

सिलिकेसाठी मॉलिब्डेट पद्धतीचे तपासणी किट मिळते. नमुन्याच्या पाण्यात सांगितलेल्या क्रमाने थेंब घालायचे, काही मिनिटे थांबायचे आणि उमटलेला निळा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. फॉस्फेटही असाच रंग देते, म्हणून मधल्या टप्प्यावर ऑक्झॅलिक आम्लाचे थेंब घालायला विसरू नये. नमुना काचेच्या बाटलीत न घेता प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा, कारण काचेतूनही सिलिका सुटते. आता आठवड्यातून दोनदा डीएमच्या नळाचे आणि सीलिंगच्या टाकीचे, असे दोन नमुने तपासले जातात आणि आकडे वहीत लिहिले जातात. बोअर सुरू असेल त्या काळात रोज. रिजनरेशन आता मीटर पाहून होत नाही. किती लिटर पाणी काढले यावर आणि नळावरच्या सिलिकेवर ते ठरते.

टाकी पूर्ण रिकामी करून तिच्या भिंतीवर आणि हीटरवर बसलेला पांढरा थर खरवडून, विरल नायट्रिक आम्लाने धुवून काढला. टाकी स्टेनलेस स्टीलची असल्यामुळे येथे मिठाचे आम्ल वापरू नये; त्यातील क्लोराइड टाकीलाही खाते आणि मागे राहिले तर भागांनाही. पाण्यावर पोकळ पॉलिप्रोपिलीनचे गोळे सोडले, त्यामुळे वाफ आणि गॅसचा खर्च दोन्ही कमी झाले. सीलिंगच्या आधीचे शेवटचे धुणे डीएम पाण्यात केले, म्हणजे आम्ल वाहून येऊन टाकीचा पीएच ५.५ च्या खाली जात नाही. तरी गेलाच तर विरल अमोनियाने वर आणि ६.५ च्या वर चढला तर विरल ॲसेटिक आम्लाने खाली आणतो. पीएच फार चढला की भागांवर मखमली भुकटी धरते. ती फडक्याने पुसली जाते आणि तिच्याखाली खड्डे नसतात; तिची आणि वर सांगितलेल्या लोणा लागण्याची गल्लत करू नये.

सीलिंगचा टायमर आता जाडीला बांधलेला आहे : १२ मायक्रॉनला ३६ मिनिटे, २० ला ६०. हा वेळ परवडत नाही असे म्हणणारे निकेल ॲसिटेटच्या ८०-८५ अंशांच्या किंवा निकेल फ्लोराइडच्या २५-३० अंशांच्या थंड सीलिंगकडे वळतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण निकेल असलेले धुण्याचे पाणी सांडपाण्याच्या प्रक्रियेशिवाय सोडता येत नाही आणि थंड सीलिंगमध्ये फ्लोराइडचे प्रमाण सतत राखावे लागते. ज्याला पाण्यातील सिलिका सांभाळणे जमले नाही, त्याला ते जमेल याची मला खात्री वाटत नाही.

सीलिंग झाले की नाही, हे कसे ओळखावे

थराची जाडी मोजणे आणि सीलिंग तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आमच्या ग्राहकांपैकी बहुतेकजण केवळ पहिली मागतात. डागाची परीक्षा प्रत्येक लॉटवर करता येते : सीलिंगनंतर भाग थंड आणि कोरडा झाल्यावर आम्लाचा ठरलेला थेंब एक मिनिट ठेवावा, धुवून पुसावा, त्याच जागी रंगाचा थेंब एक मिनिट ठेवावा, पुन्हा धुवावा आणि बारीक मॅग्नेशियाच्या पेस्टने घासावा. रंग निघून गेला तर रंध्रे बुजलेली आहेत. रंग राहिला तर उघडी आहेत. आयएसओ २१४३ मध्ये डागाची ० ते ५ अशी श्रेणी दिलेली आहे. आम्लाच्या थेंबात फ्लोराइड असते, म्हणून हातमोजे आणि चष्मा अनिवार्य समजावेत. घाईच्या वेळी आमचा मुलगा परमनंट मार्करची रेघ ओढून थिनरने पुसून पाहतो. ती परीक्षा प्रमाणित नाही, पण जी रेघ पुसताना निळसर सावली मागे ठेवते तो लॉट मी गाडीत चढवू देत नाही.

महत्त्वाच्या मालासाठी आयएसओ ३२१० प्रमाणे आम्लातील वजनघटीची चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी. चौरस डेसिमीटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी घट अपेक्षित असते. जपून ठेवलेल्या मे महिन्यातील तुकड्याची घट या मर्यादेच्या दुपटीहून जास्त आली, आणि तोच ६०६३ चा तुकडा स्वच्छ टाकीत नव्याने करून पाठवला तेव्हा तो मर्यादेच्या बराच आत आला. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी अनेकजण आधी मागतात; ३३६ तासांची वाट पाहण्यापूर्वी अर्ध्या तासात उत्तर देणारी परीक्षा करावी, हे व्यवहाराचे आहे.

कास्टिंगचे दुखणे वेगळे

कोल्हापुरात कास्टिंगशिवाय विषय संपत नाही, म्हणून थोडक्यात. एलएम २५ या ओतकामाच्या मिश्रधातूमध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन असते आणि सिलिकॉनवर थर बसत नाही. त्याचे कण थरात तसेच राहून रंग करडा पडतो आणि थर जागोजागी तुटक होतो. कॉस्टिकच्या एचिंगनंतर आलेली काळी काजळी केवळ नायट्रिकने जात नाही, त्यात फ्लोराइड घालावे लागते. हायड्रोफ्लुरिक आम्ल वापरत असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम टाकीजवळ असल्याशिवाय बाटली उघडू नये. एडीसी १२ या दुसऱ्या ओतकामाच्या मिश्रधातूमध्ये सिलिकॉनच्या जोडीला दीड ते साडेतीन टक्के तांबे असते, त्यामुळे थर पातळ, काळपट आणि कमकुवत येतो. अशा भागाला गंजरोधक ॲनोडायझिंगचे आश्वासन देऊ नये. त्रिसंयुजी क्रोमचे कन्व्हर्जन कोटिंग (रसायनाने बसवलेला पातळ थर) आणि वर पावडर कोटिंग हा मार्ग सुचवावा. कास्टिंगमधील सूक्ष्म छिद्रांत आम्ल अडकून पंधरवड्याने ओघळ येत असतील, तर सीलिंगची टाकी बदलून काही होणार नाही. त्यासाठी ॲनोडायझिंगच्या आधी निर्वात इम्प्रेग्नेशन करून छिद्रे रेझिनने भरून घ्यावी लागतात, किंवा फाउंड्रीवाल्याशी वायूच्या छिद्रांबद्दल बोलावे लागते.

लोणा लागलेल्या मालाचे काय करायचे, हे प्रत्येक ग्राहक विचारतो. सिलिकेने अडवलेली रंध्रे पुन्हा गरम पाण्यात बुडवून नीट बुजत नाहीत; आम्ही दोन लॉटवर करून पाहिले, डागाची परीक्षा थोडी सुधारली, पण पास झाली नाही. ज्या पेट्यांवर केवळ भुकटी होती आणि खड्डे नव्हते, त्यांचा थर उतरवून नव्याने ॲनोडाइज केला. थर हा धातूतूनच उगवलेला असल्यामुळे तो काढताना माप कमी होते. पेटीच्या बाबतीत ते खपले, पण व्हॉल्व्ह बॉडीच्या आतल्या भोकाचे माप हाताबाहेर गेले आणि त्या भंगारात घालाव्या लागल्या. त्यांचा भुर्दंड आम्हीच सोसला.

आता दर महिन्याच्या पहिल्या लॉटमधील एक तुकडा, तारीख कोरून, शेडच्या बाहेर पागोळीखाली खिळ्याला टांगलेला असतो. या ऑगस्टमध्ये एप्रिल आणि मेचे तुकडे खाली काढून पुसले. जानेवारीच्या तुकड्याशेजारी ठेवल्यावर कोरलेली तारीख वाचल्याशिवाय कोणता कोणत्या महिन्याचा हे सांगता आले नाही.